तपासले किती, टिकले किती: पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या प्रकल्प नोंदी

१९ मे २०२५
शनिवारी, १७ मेला, जागतिक उच्च रक्तदाब दिन पार पडला. बॅनर लागला, फोटो निघाले, पोर्टलवरचा तपासणीचा आकडा एका दिवसात टम्म फुगला. आज मी त्याच टेबलावर मागच्या वर्षीची उपचार कार्डं पसरून बसले. तपासलेले भरपूर. बीपी निघालेले बऱ्यापैकी. पहिल्या महिन्याच्या गोळ्या नेलेलेही बरेच. तिसऱ्या महिन्याचा रकाना मात्र उघडाबोडका.

सातारा जिल्ह्याला हे काम नवं नाही. केंद्राचा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये देशातल्या ज्या पहिल्या २५ जिल्ह्यांत ठरला, त्यात महाराष्ट्रातले चार होते: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरलेला औषधक्रम, महिन्याच्या गोळ्या, कार्ड हे सगळं आपल्याकडे आहे. प्रश्न बीपी शोधण्याचा राहिलेला नाही, शोधलेल्याला धरून ठेवण्याचा आहे.

म्हणून हा छोटा प्रकल्प. उपकेंद्राखालची गावं आणि वाड्या, वय तीसच्या वर, पावसाळ्याआधीपासून दिवाळीपर्यंत. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी होकार दिला. रजिस्टरात एक जादा रकाना आखला: ‘शेवटच्या भेटीत १४०/९० च्या खाली?’ हो किंवा नाही. जो आलाच नाही, त्याच्यापुढे ‘नाही’च लिहायचं. न आलेल्याला हिशेबातून वगळलं की टक्केवारी छान दिसते आणि माणूस लकव्याने पडतो.

२७ मे
आज आशाताईंची उजळणी घेतली. विषय एकच, बीपी मोजायचं कसं. सगळ्यांना वाटतं येतं, कारण मशीनचं बटण दाबलं की आकडा येतो.

एका काकूंना बसवून सगळ्यांसमोर करून दाखवलं. आधी मुद्दाम नेहमीसारखं: काकू चढ चढून आलेल्या, बाकावर पाठीला टेकू नाही, पाय लोंबकळते, हात मांडीवर, तोंडाने लेकीच्या लग्नाची गोष्ट चालू. १५८/९६. मग खुर्ची भिंतीला लावली, पाय जमिनीवर टेकवले, हाताखाली दोन उशा घालून दंड छातीच्या पातळीला आणला, पाच मिनिटं गप्प. एक मिनिट सोडून दोनदा मोजलं, सरासरी १४२/८८. माणूस तोच, दंड तोच.

ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली कफ बांधायची सवय मोडायला हवी. सरकवलेली बाही दंडाला करकचून बसते. पातळ बाही असेल तर तशीच ठेवून वरून कफ बांधलेला बरा. जाड दंडाला लहान कफ लावला तर आकडा दहा-वीसने फुगतो, म्हणून मोठ्या कफची मागणी लिहून दिली. चहा, विडी किंवा मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) झाली असेल तर अर्धा तास थांबायचं.

मिश्रीचं नाव काढताच तिघी-चौघी एकमेकींकडे बघून हसल्या. हा विषय वेगळा घ्यावा लागणार.

९ जून
हृदयविकार आणि लकव्याच्या जोखमीच्या तक्त्याचं काम सुरू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ भाग करून प्रत्येकासाठी निराळे तक्ते दिले, त्यातला दक्षिण आशियाचा आपल्याला लागू. रक्त न तपासताही चालणारा एक आहे: वय, बाई की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी आणि उंची-वजनाचं गुणोत्तर. रंग बघायचा. हिरवा म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा लकवा येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, मग पिवळा, केशरी, लाल, आणि गडद लाल म्हणजे तीस टक्के किंवा जास्त. शुगर आणि कोलेस्टेरॉल हाताशी असेल तर दुसरा तक्ता, तो जास्त नेमका.

टक्केवारी समजावताना दमछाक होते. एका आबांना म्हटलं, तुमच्यासारखी शंभर माणसं एका पंगतीला बसवली, तर दहा वर्षांत त्यातल्या पंधराजणांना झटका नाहीतर लकवा. आबा शांतपणे म्हणाले, “मंग मी पंच्याऐंशीतला.”

यावर काय बोलणार! तक्त्यातला शेजारचा अर्धा भाग दाखवला. तेच वय, तेच बीपी, फक्त विडी नाही. रंग एक घर खाली आला. तो रंग बघून आबा जरा थांबले. विडी सोडून वर्ष होईपर्यंत तक्ता त्यांना ओढणाऱ्यांतच धरणार, हेही सांगून टाकलं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याच्या मदतीचा नंबर कार्डाच्या मागे लिहून दिला. फोन करतील असं मला वाटत नाही, पण सून शेजारी उभी होती आणि तिने तो वाचला.

१६ जून
वारी. माउलींची पालखी १९ तारखेला आळंदीतून निघतेय, आषाढी ६ जुलैला. वाड्यांवरून निघणारे बहुतेक बीपी-शुगरवाल्याच वयाचे. मागच्या वर्षीची कार्डं सांगतात की गोळ्या तुटायचं पहिलं ठिकाण हेच. आषाढाच्या आधी गेलेला माणूस थेट श्रावणात उगवतो.

दिंडीच्या विणेकऱ्यांकडे बसून यादी केली. प्रत्येकाला महिनाभराच्या आणि वर दहा दिवसांच्या गोळ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पडशीत राहील अशा. शुगरची गोळी घेणाऱ्यांना बजावलं की उपवासाच्या दिवशी तशीच घ्यायची नाही, आधी विचारायचं. बीपीची मात्र एकादशीलाही चालते. “गोळीनं उपास मोडतो का?” हा प्रश्न गमतीने विचारलेला नव्हता. विणेकरी बुवांनीच निकाल दिला, की औषधाला दोष नाही. त्यांच्या तोंडून गेल्यावर मला पुढे बोलायची गरज उरली नाही.

२४ जून
आज मिश्री.

आशाताई घरोघरी जो जोखमीचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखूच्या प्रश्नात ओढणंही येतं आणि तोंडातलीही येते. तक्त्यात मात्र फक्त धूम्रपान. त्यामुळे आमच्याकडे गंमत अशी की बायका तक्त्यात जवळजवळ सगळ्या ‘तंबाखू नाही’च्या बाजूला, आणि प्रत्यक्षात सकाळी चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजणाऱ्या, तिची पूड डबीत भरून दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना चोळणाऱ्या. तंबाखू म्हटलं की त्या मान हलवतात, ‘नाही’. मिश्री विचारली की ‘हो, लावते की, दात घासायला’. म्हणून प्रश्नच बदलला: “दिवसातनं किती येळा लावता?”

निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातंच. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, त्या वेळेपुरतं बीपी चढतं. एका वहिनींचं मिश्री लावल्या लावल्या मोजलं आणि तासाभराने परत मोजलं. वरचा आकडा बाराने उतरला. त्यांनी स्वतः मशीनवर वाचला. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, पण आकडा त्यांच्याच दंडावरचा होता, माझ्या भाषणातला नव्हता.

तक्त्यात खूण करता येत नाही म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘मि’ लिहायचं ठरवलं. रंग पिवळा असला तरी ‘मि’ असेल तर भेट लवकर.

८ जुलै
पाऊस. दोन वाड्यांची एसटी बंद. भातलावण सुरू, त्यामुळे उपकेंद्रात कोणी येत नाही आणि कोणी यावं अशी अपेक्षाही नाही. आशाताई गोळ्या घेऊन बांधावर जातायत. डॉक्टर मॅडमनी सुरू केलेली गोळी पुढे चालू ठेवून देणं माझ्या अधिकारात आहे, नवीन सुरू करणं किंवा बदलणं नाही. बदल हवा असेल तर टेलिफोनवरून सल्ला, नाहीतर चिठ्ठी.

गोळी सोडण्याची कारणं आजवर जमली ती अशी. ‘आता बरं वाटतंय’ हे सगळ्यांत मोठं. बीपीने मुळात काही दुखत नव्हतं, त्यामुळे बरं वाटणं हा पुरावा होत नाही, हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. ‘एकदा घेतली की सवय लागते’ हे दुसरं. तिसरं कारण कार्डावर कधीच येत नाही: पायाला सूज. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते, हे गोळीचं जुनं, माहितीतलं लक्षण. गावात मात्र पाय सुजले म्हणजे किडनी गेली. एका मामींनी या भीतीने गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या होत्या. लघवी तपासली, ठीक निघाली. मॅडमनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, पुढच्या भेटीत सूज नव्हती. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ती देत नाहीत. मामी त्यातून कधीच सुटल्यात.

२१ जुलै
आज एका कार्डाचा उलगडा झाला. आजींचं बीपी दोन गोळ्यांवरही १६० च्या खाली येत नव्हतं. कार्डात नियमित, नातू शपथेवर सांगतो की रोज देतो. मॅडम तिसरी गोळी वाढवायच्या विचारात होत्या. घरी गेले. आजींनी पान लावायला चंची सोडली. सुपारी, चुन्याची डबी, कात, आणि कप्प्यात दुमडलेलं एक चंदेरी पाकीट, दहातल्या सहा जागा रिकाम्या. डायक्लोफेनॅक. गुडघ्यासाठी, मेडिकलवाल्याकडून, रोज एक, लावणीच्या दिवसांत दोन.

या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, शिवाय बीपीच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतात. टेल्मिसार्टनसोबत किडनीवरही ताण. आजींना कोणी कधी विचारलंच नव्हतं, कारण आपण विचारतो ‘बीपीची गोळी घेता का?’ आणि त्या ‘घेते’ म्हणतात. खरंच घेतात.

मॅडमनी पॅरासिटामॉल आणि मालिश सुचवलं, लावण संपेपर्यंत खाली बसून काम टाळायला सांगितलं. शेवटचं होणार नाही. कार्डावर नवा प्रश्न छापून घेतला: ‘दुखण्याची गोळी? कुठली? रोज?’

२ ऑगस्ट
मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, जगाची सरासरी १०.८ ग्रॅम. चमच्याच्या भाषेत गावात कोणी मीठ मोजत नाही, इथे चिमूट आणि मूठ. म्हणून पुडीवरून मोजतोय. चौघांच्या घरात एक किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. साधा हिशेब, चार गुणिले पाच म्हणजे वीस ग्रॅम रोज. प्रत्यक्षात बहुतेक घरांत महिन्याच्या आत संपते, आणि त्यात खारवलेल्या मिरच्या, पापड, दुकानातलं फरसाण धरलेलंच नाही. लोणच्याच्या महिन्यात हिशेब चुकतो हे खरं, म्हणून दोन पुड्यांची सरासरी घ्यायची.

कमी सोडियमच्या मिठाबद्दल बैठकीत प्रश्न आला. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं मीठ खाणाऱ्यांत लकवा १४ टक्क्यांनी कमी. या वर्षी जानेवारीत जागतिक संघटनेनेही घरच्या स्वयंपाकात असं मीठ वापरायची शिफारस केली, पण गरोदर बायका, मुलं आणि किडनीचे रुग्ण सोडून. टेल्मिसार्टनवाल्यांत पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे मी सरसकट सांगणार नाही. आणि किंमत? साध्या मिठाच्या पुढे बरीच जास्त. आपल्याकडे आधी खर्ड्यातला हात आखडता घेणं जमलं तरी पुष्कळ.

११ ऑगस्ट
सिस्टरांच्या कपाटातून जुनी माता नोंद रजिस्टरं काढली. गरोदरपणात बीपी वाढलेल्या, आकडी आलेल्या, साताऱ्याला किंवा कराडला पाठवलेल्या बायकांची नावं. अशा बाईला पुढे आयुष्यात हृदयविकार आणि लकव्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. बाळंतपण सुखरूप झालं की ही गोष्ट सगळे विसरतात, तीही विसरते. आज त्या चाळिशीच्या आत-बाहेर आहेत, अंगाने बारीक, तक्त्यात हिरव्या. यादी केली. यातल्या काहींची तीस वर्षांवरच्या तपासणीत एकदाही नोंद नाही, ‘मला काय झालंय’ म्हणून.

बारीक असण्यावरूनही एक सांगायचंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचं उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी सारखं, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळे हातपाय आणि मधे पोट, हा आपला घाट. म्हणून वजनकाट्याआधी टेप. कमरेचा घेर पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत, बाईला ८०. टेप परकराच्या नाडीवर नाही धरायची, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. नाडीवर धरली की दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात.

२९ ऑगस्ट
गणपती. गाव भरलं. माथाडी, मार्केट, टेम्पो, गिरणगावातल्या जुन्या खोल्या, सगळे मुंबईकर आले. दिवसा तपासणीला पुरुष सापडत नाहीत, आमच्या यादीत बायकाच जास्त, हे वर्षभराचं रडगाणं. म्हणून रात्री आरतीनंतर देवळाच्या ओवरीत मशीन लावली.

पस्तिशी-चाळिशीतली पोरं. ओझी उचलणारी, दंड दणकट, मोठा कफच लागतो. रात्रपाळी, वडापाव, तंबाखूचा बार. बीपी १५०, १६०, एकाचं १७४/११०. “मला काय बी हुत नाय, मॅडम.” दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतल्यांना साधारण ५९ व्या. ५२ देशांतल्या अभ्यासातून निघालेली ही गोष्ट. कारण रक्तात काही वेगळं आहे असं नाही, तीच नेहमीची कारणं आपल्याकडे लवकर गोळा होतात. त्याच अभ्यासात झटक्याच्या नव्वद टक्के जोखमीचा हिशेब नऊ गोष्टींत बसला: तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोट, मनावरचा ताण, भाज्या-फळं कमी, हालचाल कमी, दारू.

१७४ वाल्याला दुसऱ्या दिवशीच डॉक्टर मॅडमकडे नेलं. बाकीच्यांना पुन्हा मोजून पक्कं करायला हवं, एका रात्रीच्या आकड्यावर गोळी सुरू होत नाही. पण विसर्जनानंतर ते जाणार. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो टाकला आणि मुंबईत राहतात तिथला जवळचा महापालिका दवाखाना त्यांच्याकडूनच लिहून घेतला. मंडळाच्या अध्यक्षांनी यादी मागितली, सूचना फलकावर लावायला. दिली नाही. बीपी त्यांचं, फलक मंडळाचा.

१५ सप्टेंबर
तात्या, वय ६१, विडी. मणक्याचा त्रास म्हणून आले होते. विचारलं नेमकं कुठे दुखतं, तर पोटरी. देवळाची चढण चढताना दरवेळी चिंचेपाशी पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की जातो, परत तेवढंच चाललं की परत. बसून कधीच नाही. मणक्याचं दुखणं असं अंतर मोजून येत नाही.

पायजमा वर करायला लावला. उजवी नडगी गुळगुळीत, केस गेलेले, पाऊल डाव्याच्या मानाने गार. पावलाच्या वरची नाडी उजवीकडे लागली नाही. काही निरोगी माणसांतही ती लागत नाही, म्हणून घोट्याच्या आतल्या बाजूची पाहिली. तीही नाही. डावीकडे दोन्ही टपटप.

पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय. आणि पायात झालं म्हणजे हृदय आणि मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्याही त्याच वयाच्या, त्याच विडीच्या. जिल्हा रुग्णालयात घोटा आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर ०.९ च्या खाली निघालं, उपचार सुरू झाले: कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन, विडी बंद, आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. तात्यांना वाटलं होतं आता झोपून राहायला सांगतील.

ॲस्पिरिनवरून शेजारी वाद. तात्यांच्या भावकीतले एकजण काहीही आजार नसताना ‘रक्त पातळ राहतं’ म्हणून ती रोज घेतात. झटका, लकवा किंवा असं पायाचं दुखणं झालेल्याला तिचा फायदा आहे. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला बहुधा रक्तस्रावाचाच धोका. दोघांना एकत्र बसवून हे सांगितलं, नाहीतर उद्या तात्याही बंद करतील.

२९ सप्टेंबर
जागतिक हृदय दिन. पुन्हा बॅनर. नवरात्र चालू आहे, बायका उपवासाला. साबुदाणा आणि दाण्याच्या कुटावर नऊ दिवस, शुगरच्या गोळ्यांवरच्या दोघींना चक्कर. शिबिराऐवजी देवळात बसून त्यांच्याच शुगर मोजल्या.

१० ऑक्टोबर
तिमाहीचा हिशेब मॅडमसोबत केला. पद्धत अशी की मागच्या तिमाहीत नोंदलेल्यांचं या तिमाहीतलं शेवटचं बीपी बघायचं. १४०/९० च्या खाली निम्म्याच्या आसपास. वर असलेले थोडे. राहिलेले बहुतेक आलेच नाहीत, म्हणजे गोळी कमी पडली नाही, गोळी पोचली नाही. न आलेल्यांत सगळ्यांत जास्त मुंबईकर, मग भातलावणीवाल्या. वारकऱ्यांतले बहुतेक टिकले. पिशवीचा उपयोग झाला म्हणायचा.

वरून पत्र आलंय, त्यात विचारलंय ‘एकूण तपासणी’. तो आकडा पाठवला. सोबत आमचा रकानाही जोडला, कोणी मागितला नव्हता तरी.

ठरलेलं: लक्ष्मीपूजन २१ तारखेला आहे, मुंबईकर १८ पासून यायला लागतील. त्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्यांचा साठा मागवायचा, ॲम्लोडिपिन जास्त. गणपतीत १४० च्या वर निघालेल्यांची यादी वाडीनिहाय आशाताईंकडे. ‘मि’ खुणेची कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात. मोठा कफ अजून आलेला नाही, मागणी पुन्हा लिहिली.